एक कोटी एक

दवाखान्याच्या बाकावर बसलं की नको तेव्हा किस्से आठवतात. एकानं एक काढला की दुसऱ्याचा तयारच! बुलढाण्यात त्या दुपारी आमचं तसंच झालं. आत आमचे वानखडे सर. अमडापूरला एकाच शाळेत ते आणि मी गणित शिकवतो. सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "आज काही बोलले तर फार बरं. त्यांच्याशी बोलत राहा." एकेक जण आत जाऊन येत होता. सर नुसते छताकडे बघत होते. बाहेर आमचा विषय मात्र सरांचा लाडका आकडा. एक कोटी एक! आहेराच्या पाकिटाला वरचा रुपया असतो ना, तसा कोटीवर एक.

*

हिंदीच्या इंगळे मॅडमनी सुरुवात केली. सर त्यांना म्हणाले होते, "कोणताही सात आकडी नंबर सांगा, एक कोटी एकनं गुणून दाखवतो." मॅडम म्हणाल्या, ४०५२३१७. सरांनी फळ्यावर तोच नंबर शेजारी शेजारी दोनदा लिहिला. झालं उत्तर! मॅडमनी मोबाइलवर तपासलं, बरोबर!

"जादू हाय का हो सर?"

"जादू कायची! शून्यं जागा धरून बसतात मॅडम, आपल्या पोरांसारखी उठत नाहीत."

*

मग मी शाळातपासणीचा काढला. साहेब सगळ्या शाळेला झापून आमच्याकडे आले. आम्ही गार! सरांना म्हणाले, "तुमच्या त्या आकड्याचा वर्ग सांगा. तोंडी!"

"एक, सहा शून्यं, दोन, सहा शून्यं, एक. उलटं वाचा साहेब, तेच येते!"

साहेब बोटांवर शून्यं मोजत बसले, चुकले, पुन्हा चुकले, आणि म्हणाले, "चहा मागवा."

*

वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "मी ह्यांले दुधाजवळ उभं केलं होतं. हे तिथं एक कोटी एकले सातनं भागून राह्यले! दूध सारं ओट्यावर. मले म्हणतात, 'चार उरले, चार!' मी म्हटलं, 'आन् दूध किती उरलं?'"

आम्ही हसलो, त्याही हसल्या, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मला ते पाहवेना.

*

सिस्टर बाहेर आली. "अजून काहीच नाही हो."

मी उठलो. सरांना जगात काहीही चालतं, गणितातली चूक चालत नाही. आत गेलो आणि त्यांच्या कानाशी धडधडीत खोटं बोललो.

"सर, एक कोटी एक मूळ संख्या हाय! कशानंच भाग जात नाही!"

काही नाही. पुन्हा म्हणालो, जोरात. वहिनी माझ्यामागून आत येऊन सरांचा हात धरून उभ्या.

सरांची मान हळूहळू वळली. ओठ एका बाजूनं हलले.

"अ... अकरा."

वहिनी ओरडल्याच! सिस्टर डॉक्टरांकडे धावली. सर मात्र माझ्याकडेच रोखून बघत होते, नापास पोराकडे बघतात तसे.

"भागून... किती आले बे?"

मी गणिताचा मास्तर. आणि मला अकरानं भागता येईना.