शेगडी आणू नका

रोडपालीच्या सिग्नलवर पत्रकं वाटत होते, तेव्हा काकींचा फोन आला. "बाय, ते गेले गो." एवढंच... महामार्गावरच्या जाहिरात फलकांच्या झगझगाटाविरुद्धची पत्रकं होती ती. ज्या माणसासाठी ती काढली, त्यानंच त्यांतली पहिली ओळ खोडून काढली होती.

नारायणकाका आमच्या कामोठ्यातल्या इमारतीचे मूळ जमीनमालक. त्यांच्या वडिलांचं मिठागर गेलं, बदल्यात इमारत आली आणि तिची गच्ची काकांनी कायम स्वतःचीच मानली. दुसरं कुणी असतं तर मी भांडले असते. त्या गच्चीवर त्यांची दुर्बीण असायची. हट्ट एकच: चंद्राचा असा फोटो हवा, की खळग्याची कड नखानं सोलल्यासारखी दिसावी. मोबाइलवर मात्र दरवेळी पाण्यात विरघळणारा बत्तासा यायचा.

मला लगेच गुन्हेगार सापडला. फलकांचे दिवे! 'आमचा चंद्र परत द्या' असं ठणकावून पत्रक लिहिलं. काकांनी ते चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. "फलकावर चीड, माझी ना नाय. पाखरांची झोप उडते. पन चंद्राला त्या दिव्यांचं काय गो? तो सोताच एवढा उजळ हाय."

"मग फोटो का बिघडतो?"

"तेच तं शोधतोय. तुजा निकाल आदी, चौकशी मागनं!"

राग आला. खरं होतं, म्हणून जास्तच आला.

उत्तर कोजागिरीला मिळालं. अख्खी सोसायटी गच्चीवर. दुधात चंद्र दिसावा म्हणून शेगडी उघड्यावर, आणि सगळ्यांना बघता यावं म्हणून तिच्या शेजारीच दुर्बीण. मोबाइलच्या पडद्यावर चंद्र दुधाबरोबर उकळत होता, अक्षरशः. काका एकदम उठले आणि त्यांनी गॅस बंद केला. "अहो काका, दूध!" बायका ओरडल्या. काकांचं लक्षच नव्हतं. लहरी कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत. मग त्यांनी खाली वाकून लादीवर तळवा ठेवला. दिवसभराचं ऊन अजून तिच्यात होतं.

"हवा आपनच तापवतोय की! आनि पुनवेला सावली नाय, मंग खळगा दिसंल कसा? शुद्ध अष्टमीला सांजचं तल्याकाठी जाऊ, गवतावर. मिठागरात पानी हलवलं तं मीठ धरत नाय. तसंच हाय हे."

ती अष्टमी त्यांना मिळाली नाही. एवढ्या दिवसांनी ज्याला उत्तर सापडलं, त्यालाच ते वापरता येऊ नये, याची मला अजून चीड येते. मरणाविरुद्ध पत्रक काढता येत नाही.

पण अष्टमी आली, आणि दुर्बीण काकींनीच दारात आणून ठेवली. "त्यांनी सांगितलंय ना? मंग चल." रिक्षात मांडीवर घेऊन आम्ही ती तळ्याकाठी नेली. बाहेरच्या हवेइतकी गार व्हावी म्हणून आधी नुसती ठेवून दिली. दिवेलागण झाली. मी मोबाइल दुर्बिणीच्या काचेवर बांधला, टायमर लावला, हात मागे घेतला.

"आता गप," काकी म्हणाल्या. गप्प बसणं मला जमत नाही. त्या वेळी मात्र श्वासही रोखला.

काळी सावली. तिच्या काठाला पांढरी, धारदार कड... काकींनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला. बराच वेळ बघत राहिल्या. "सोललंय गो नखानं," म्हणाल्या.

तो फोटो आता दुर्बिणीच्या पेटीत, झाकणाला आतून चिकटवलाय. पेटी उघडली की आधी तोच दिसतो. आणि मी नवं पत्रक काढलंय: 'दर शुद्ध अष्टमीला संध्याकाळी तळ्याकाठी या. शेगडी आणू नका. दूध घरून तापवून आणा.' काकींनी शेवटी एक ओळ घालायला लावली: 'आल्यावर थोडा वेळ गप्प बसा.' ती माझ्यासाठीच आहे म्हणे.