सासूबाईंनी घेतलेले माझे सोमवार

मी विज्ञानाची बाई. कडावला शाळेत विषाणू शिकवते, फळ्यावर त्याचं काटेरी चित्रही झकास काढते. आणि तरी मी काय करून बसले, ऐका!

नवरा एचआयव्हीनं गेला, जाताना ते दुखणं मलाही देऊन गेला. घरात उरलो मी आणि सासूबाई. रोज सकाळी खाऊन गोळी घ्यायची, बस्स. पण गोळी लागू पडावी म्हणून मी सोमवार धरले, मग गुरुवार, मग चतुर्थ्या. उपासाला सकाळी पोटात काही नाही, म्हणून त्या दिवशी गोळीही नाही! वर्षभर हेच. आता हसू येतं. तेव्हा वजन उतरत होतं आणि ताप हटत नव्हता.

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून माझीच शाळा घेतली. "तुमची पोरं फळ्यावरून उतरवताना चुकतात ना? विषाणूही स्वतःच्या नकला काढताना सारखा चुकतो. बहुतेक चुका त्यालाच भोवतात, काहींनी तो लुळा पडतो. पण एखाद्या चुकीनं असा निपजतो, की गोळी त्याला बाधतच नाही. रोज गोळी असती तर नकलाच निघाल्या नसत्या. तुम्ही ना धड गोळी घेतलीत, ना धड सोडलीत. आता तोच बळावलाय. गोळ्या बदलू. याही चुकवल्यात, तर पुढे माझ्याकडे फारसं काही उरत नाही."

घरी येऊन मी ढसाढसा रडले. उपास मोडले तर देवाची भीती, धरले तर मरणाची. सासूबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुजे सोमवार मी धरते गं. गुरुवार बी दे, चतुर्थी बी दे. घरात एक मानूस उपाशी असला म्हंजे झालं ना देवाला? तू जेव."

मी रडता रडता हसत सुटले. सत्तरीची बाई, चहा चुकला तरी डोकं धरून बसणारी!

सहा महिने नव्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. एकही चुकली नाही. रिपोर्ट आला तोही सोमवारीच: विषाणू मोजण्याइतकाही नाही. "गेला नाही हं, दबलाय. गोळ्या चालूच," डॉक्टरीणबाई बजावत होत्या. मी मान डोलावत होते, पण पाय जमिनीवर कुठले! रिक्षात एकटीच खुदुखुदु हसत बसले. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "पोरं पास झाली काय?"

"नाय गं, मीच!"

दारातूनच ओरडले, "आई, दबला मेला! आता सोडा ते उपास!" त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण मला धरून त्यांनी चक्क फुगडी घातली. दोन फेऱ्यांत दोघींना धाप लागली.

संध्याकाळी ताटं वाढली, भात आणि वालाची आमटी. पहिला घास मी त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी माझा हात मागे सारला.

"आदी तू जेव, गोळी घे. लेकाच्या टायमाला मला कायच कळलं नाय गं. तुजी गिळलेली बघते, मंग सोडते."

मी जेवले, गोळी गिळली, लहान पोरीसारखं आ करून दाखवलं. मग त्या जेवायला बसल्या.