दुपारी फोटोकडे वळणारं होकायंत्र

दत्ताचा हार अर्धा ओवून झाला होता, एक पांढरी शेवंती, एक पिवळी, तेवढ्यात शेजारच्या मथुराबाईंनी दार वाजवलं. "ताई, बघा या. काटा वळला." मी हार हातात घेऊन तशीच गेले.

वाघोलीतली आमची सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाला. विहीर होती तिथे आता लिफ्ट आहे. तिच्यात शिरताना मथुराबाई अजून चप्पल काढतात. त्यांचे मालक सोनबा माघात गेले. देवघराची दिशा बघायला लेकीनं दिलेलं होकायंत्र त्यांनी मालकांच्या फोटोशेजारी, त्याच भिंतीवरच्या फळीवर ठेवलं आणि तेव्हापासून हे सुरू झालं. सकाळी काटा उत्तरेच्या खिडकीकडे. ऊन चढलं की फोटोकडे. दिवेलागणीला परत खिडकीकडे.

"मालक बोलावत्यात," त्या म्हणायच्या. बोलावणं आल्यावर औषध कशाला, म्हणून त्यांनी हृदयाच्या गोळ्या बंद केल्या. आज पाय सुजून चकचकत होते. मी नामस्मरण करत वरच्या मजल्यावर गेले आणि यज्ञेश्वरकाकांना घेऊन आले. काका निवृत्त फिजिक्सचे मास्तर.

काकांनी भिंतीवर टकटक केली. "गच्चीवरच्या सोलरची एक तार यातून जाते. परतीची त्या विद्वान वायरमननं जिन्यातून नेली. शेजारी ठेवल्या असत्या तर एकीनं दुसरीला गप्प केलं असतं."

"पण तार काट्याला हात तर लावत नाही," मी म्हटलं.

"आणा तो हार, वहिनी. ही तार समजा. पांढरी फुलं म्हणजे धातूचे धन अणू, जागचे हलत नाहीत. पिवळी म्हणजे इलेक्ट्रॉन, ते सरकतात, मुंगीपेक्षा हळू. पांढरी ओढतात, पिवळी ढकलतात, दोन्ही सारखी, म्हणून तारेबाहेर शेजारी थांबलेल्या इलेक्ट्रॉनला ना ओढ, ना ढकल. तोच पिवळ्यांबरोबर चालू लागला, की त्याला वाटतं पिवळी थांबली, पांढरी पळतायत. आणि पळणाऱ्यांमधलं अंतर आखडतं. पांढरी दाट, पिवळी विरळ. तार त्याला ओढायला लागते. त्या ओढीला आपण चुंबकत्व म्हणतो."

"मुंगीच्या चालीनं अंतर आखडतं?"

"दिसणार नाही इतकं. पण फुलं अगणित आहेत. आणि काट्यातले इलेक्ट्रॉन थांबतच नाहीत."

माझ्या अंगावर भर दुपारी काटा आला. देवाच्या हाराकडे बघवेना.

काका गच्चीवर गेले, सोलरचं बटण बंद केलं. काटा थरथरला आणि खिडकीकडे फिरला.

"थांबिवलं त्यांनी मालकांला," मथुराबाई हळूच म्हणाल्या.

थोड्या वेळानं काटा परत फोटोकडे वळला. काका धापा टाकत खाली आले. "पटलं का?"

"मंजी ओढ हाय. चालत्याला हाय, थांबल्याला नाय."

"हो," काका म्हणाले. "अगदी तसंच."

"मंग मालक चालत्यात अजून." त्यांनी सुजलेले पाय पाटावर वर घेतले. "मी नाय चालायची. बसून ऱ्हाते. ताई, गोळ्या आणा."

"होत्या त्या कुठे आहेत?"

"लिफ्टच्या फटीतनं सोडल्या. हिरीत."

मी दाराबाहेर आले तर खालून लिफ्ट येत होती. कोणी बोलावली होती कोण जाणे. दार उघडलं, आत कोणी नव्हतं. मी जिन्यानं निघाले. चौकातल्या मेडिकलमधून मथुराबाईंच्या गोळ्या आणायच्या होत्या.