ओट्याखालून ऐकलेला फोन

फोन आला की गाव जवळ येतं, असं नव्वदीच्या सुरुवातीला जो तो बोलायचा. कोणाचं गाव, ते मात्र कोणी विचारत नव्हतं.

माझी बहीण पिंप्राळ्यात दिलेली. तिच्या कॉलनीत एकच फोन, शेजारच्या अक्कांकडे. पुढे ‘पी.पी.’, म्हणजे शेजाऱ्यांकडचा, असं लिहून अख्खी गल्ली तोच नंबर पाहुण्यांना द्यायची. फोन आला की अक्का गच्चीवरून हाक मारणार, बाया तव्यावरची भाकरी टाकून धावणार.

धुळ्याकडच्या आमच्या गावातही एकच फोन, वरच्या आळीतल्या सवर्ण नानांच्या ओट्यावर. पण आम्ही बौद्धवाड्यातले. आम्ही ओट्याखाली उभं राहायचं. नाना ऐकणार, नाना सांगणार. आमचं उत्तरही नानांच्याच तोंडून जाणार. रिसीव्हरला आमचा हात लागता कामा नये. सरकारी तार आणि असला सोवळेपणा!

एकदा मी बहिणीकडे गेलो, तर ती पार सुकलेली. “आईशी बोलायचंय,” एवढंच म्हणाली. अक्कांच्या फोनवरून नानांना निरोप देऊन आईला त्यांच्या ओट्यापाशी बोलावून घेतलं. अक्कांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात हाकललं. “मायलेकींना बोलू द्या रे. नवऱ्याची चहाडी असेल तर मोठ्यानं कर गं, आम्हालाही करमणूक!”

नानांचा आवाज असा की फोनमधूनही खिडकीबाहेर ऐकू आला. “बोल वं पोरी. तुनी माय खाले उभी शे.”

“तिच्याकडे द्या ना, नाना.”

“माले सांग. मी सांगस तिले.”

“तिलाच सांगायचंय.”

“मी काय बहिरा शे का?” तिकडे कोणीतरी हसलं.

बहिणीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “बरी आहे म्हणा.”

तिला महिनोन्‌महिने अंगावरून रक्त जात होतं. घरात बोलायची सोय नव्हती, मला सांगायची लाज. नानांना काय सांगणार होती? आई निर्धास्त होऊन कापूस वेचायला गेली. पिंप्राळ्याला आली ती थेट लेकीच्या मातीला.

आम्हाला फोनला हात लावू देत नाहीत, असं मी पत्रक काढलं, गावभर वाटलं. नानांनी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. “फोनले कोनले नही म्हनेल शे मी?” त्यांना खरंच कळलं नव्हतं.

आणि आई माझ्यावरच चिडली. “नाना खोटं कसाले बोलतीन? ती बरी शे, आसंच सांगं त्यास्नी.”

खरंच, नाना खोटं बोलले नव्हते. शब्दन्‌शब्द पोचवला होता.