कुसुमच्या घशातला गोळा

प्रिय चिन्मय आणि ईरा,

नागपूर सोडलं तेव्हा घराघरांवरचे आकाशकंदील अजून उतरायचे होते. गोंदियापर्यंत रेल्वे, पुढे बस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेलं धान आडवं पडलेलं, मग जंगल, आणि जंगल सरताच नवेगावचा बांध (जुना, विस्तीर्ण तलाव). पलीकडच्या टेकड्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या दिसत होत्या.

मी कुसुमला भेटायला चालले होते. आम्ही कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. लग्नानंतर ती इथलीच झाली, बोलीसुद्धा इथली. उन्हाळ्यात तिचे यजमान वामनराव गेले, आणि तेव्हापासून तिला घास गिळवेना. घशात गोळा अडकल्यासारखं वाटे. दुर्बीण घालून पाहिलं, रक्त तपासलं, दोष कुठेच नाही. मनावरच्या ताणानं घशाचे स्नायू आवळतात, असं डॉक्टर म्हणाले. पण वजन उतरत होतं. सोमवारपर्यंत जेवण सुरू झालं नाही, तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालायची ठरली होती.

सून वंदनानं मला दारातच बाजूला घेतलं. "मावशी, बाबांचं नाव नका काढू जी. आईच्या मनाले त्रास नाही झाला पाह्यजे, असं डॉक्टरनं सांगितलं."

वामनरावांचा फोटो, चष्मा, चपला, सगळं दडवलेलं. शेजारणींनाही ताकीद. ठसका लागला की लाज वाटते म्हणून कुसुम आतल्या खोलीत एकटीच पेज पिई. माझ्याशी ती हवापाण्याचं बोलली.

दुसऱ्या दिवशी गावची मंडई होती. दिवाळीनंतरच्या या जत्रेला नातलग, स्नेही गावोगावहून येतात, आणि त्या दिवशी कुठलंच घर पाहुण्याला उपाशी पाठवत नाही. वंदनानं मात्र पुढच्या दाराला कुलूप घातलं. "दुःखाच्या घरी पाव्हणे कायले?"

दुपारी सांदवाडीचं (परसाचं) फाटक वाजलं. केशोरी गावचे डोमाजी, वामनरावांचे जुने मित्र, हातात मासळीची पिशवी घेऊन थेट आतल्या खोलीत शिरले.

"काऊन वो वहिनी, कुलूप लावून बसून राहिली? वामन मेला, मी त नाही मेलो!"

वंदनाचा चेहरा उतरला.

"भाऊजी, मले जेवण जात नाही," कुसुम म्हणाली.

"मंग मी का उपाशी जाऊ? वामन असता त मासळीचं डोकं आपल्या ताटात ओढलं असतं अन् मले शेपटी! लबाड होता लेकाचा."

"खोटं नका बोलू. डोकं ते मलेच देत होते." कुसुम हसली, आणि हसता हसता मोठ्यानं रडू लागली. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच, असं वंदनानं मला नंतर सांगितलं. वंदना पाणी घेऊन धावली, तेव्हा डोमाजी एवढंच म्हणाले, "रडू दे वो तिले."

मग मासळी रांधून ओसरीत सगळ्यांची ताटं मांडली. कुसुम वामनरावांच्या घोरण्याबद्दल, हट्टाबद्दल सांगत राहिली, आणि बोलता बोलता भात-रस्स्याचे घास जात राहिले. एकदा ठसका लागलाच.

"दमानं, वहिनी. मासळी पळून नाही चालली!"

गोळा गेला असं समजू नका. संध्याकाळी तो परत आला. पण दुसऱ्या सकाळी ती माझ्याबरोबर बांधाच्या पाळीवर (काठाच्या भरावावर) फिरायला आली, आणि जेवायला आपणहून ओसरीत बसली. सोमवारी डॉक्टरांनी नळी घालणं तूर्त पुढे ढकललं, समुपदेशकाकडे जायला सांगितलं, आणि एकटीनं जेवायचं नाही, असंही बजावलं. फोटो पुन्हा भिंतीवर लागलेला पाहूनच मी निघाले.

परतीच्या गाडीत वाटलं, तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे दुखणं खोटं, असं नव्हे. माणसं मायेपोटी विषय टाळतात आणि दुःखाला एकटं जेवायला बसवतात.

आजोबा गेल्यापासून तुम्हीही फोनवर त्यांचा विषय टाळता. माझ्या काळजीनंच, हे मला कळतं. येत्या रविवारी मात्र टाळू नका. आजोबा कसे चिडायचे, ते विचारा. मला सांगायचं आहे.

तुमची आजी