आईच्या दातांतला दोरा

आमच्या घरात अंगावरचा कपडा शिवत नाहीत. शिवायची वेळ आलीच, तर ज्याच्या अंगावर तो आहे त्याने दातांत दोऱ्याचा तुकडा धरायचा आणि गाठ पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, पण या एका बाबतीत तिला कारण लागत नाही. आमच्यात असंच असतं, एवढंच ती सांगते.

त्या उन्हाळ्यात पोखर्णीला मामेबहिणीचं लग्न होतं. बारावीनंतर वर्षभर लातूरला राहून मी मेडिकलची प्रवेशपरीक्षा पुन्हा दिली होती आणि मार्क पुन्हा कमी पडले होते. लग्न उरकलं की सोमवारी बाबा मला परत लातूरच्या क्लासला नेऊन सोडणार होते. मला जायचं नव्हतं. घरी राहून परभणीतच बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगायला घाबरत होते असं नाही. आईशी बोलताना माझं वाक्य पूर्णच होत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मनातलं काही नाजूक असलं की मला आधी इंग्रजीत सुचतं. त्याची मराठी जुळवेपर्यंत आईने प्रश्न ओळखलेला असतो, उत्तर दिलेलं असतं आणि ती स्वयंपाकघरात गेलेली असते.

लातूरहून आल्यावर मी तिच्या या लग्नात घालायच्या ब्लाऊजवर काम करायला घेतलं. मोरपंखी रंगाचं कापड होतं. मोबाइलवर बघून शिकलेलं भरतकाम, आणि तेही साध्या सुईनं. रिंगमध्ये बाही ताणून आधी सोनेरी दोऱ्याने वेल काढली, मग पानापानात टिकल्या टाकल्या. मोती लावताना दोरा जास्त ओढला की कापड चुण्या धरतं, सैल सोडला की मोती लोंबतो. बरोबर कुठे थांबायचं ते बोटांना कळतं. त्या कामात मला कुणी काही विचारत नव्हतं. आई येता-जाता बघायची आणि म्हणायची, “हे सगळं आता रविवारपर्यंत हं.”

हुक पाठीमागे घ्यायचे हा हट्ट माझा होता. आजवर आईने पुढच्या हुकांचेच ब्लाऊज घातले होते. लग्नाला निघायच्या दिवशी साडी नेसून, खांद्याला, निऱ्यांना पिना लावून ती तयार झाली, चप्पल घालायला वाकली आणि पाठीवरचा मधला हुक निसटून फरशीवर पडला. बाहेर बाबा गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. आता सगळं सोडून परत नेसणं शक्य नव्हतं.

“शिव तशीच,” आई म्हणाली. रिळावरचा दोरा तोडून तिने तुकडा दातांत धरला आणि माझ्याकडे पाठ केली.

मी पहिला टाका घातला. सुई तिच्या अंगाला लागू नये म्हणून डाव्या हाताचं बोट आत घातलं होतं. ती श्वास घेत होती ते बोटाला कळत होतं. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दुसरा टाका घालताना मी बोलले.

“आई, मला लातूरला नाही जायचं.”

तिची पाठ ताठ झाली. मान वळायला लागली आणि मध्येच थांबली. दोरा दातांत होता.

मग मी बोलत राहिले. तिथे मी अभ्यास करत होते, टाळाटाळ केली नाही, पण पहाटे उठल्यावर हातपाय गार पडायचे, ते सांगितलं. इथल्या कॉलेजचं सांगितलं. अजून एक वर्ष तेच करून मी डॉक्टर होणार नाही, हे मला माहीत आहे, तेही सांगितलं. अडल्या ठिकाणी थांबले, शब्द शोधला, पुढे गेले. गाठ मारली, दोरा तोडला. आता ती बोलू शकत होती.

आईने दातांतला तुकडा हातात घेतला. त्याच्याकडे बघितलं.

“खालचा हुक बी सैल वाटायलाय,” ती म्हणाली आणि दोरा परत दातांत धरला.

खालचा हुक घट्ट होता. मी त्यावर सावकाश चार टाके घातले आणि राहिलेलं सांगून टाकलं.

गाडीत ती नेहमीसारखी बोलत होती, पण माझ्याशी नाही आणि या विषयावरही नाही. पोखर्णीला जेवणाच्या पंगतीत थोरल्या मावशीने तिला गाठलं. बाहीवरच्या वेलीवर हात फिरवत विचारलं, “काय गं, पोरीला डाक्टरीण कधी करायलीस?”

“न्हाई करायले,” आई म्हणाली. “तिला झाडंपानं शिकायचीत. इथंच, परभणीत.”

“झाडं शिकून नर्सरी टाकायची हाय का तिला?”

“टाकली तर तुला तुळस फुकट देईल. भात घे.”

बाबा पलीकडच्या पंगतीत वाढायला होते. आईने त्यांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. पण थोरल्या मावशीच्या कानात घातलेली गोष्ट सगळ्या पंगती उठायच्या आत मांडवभर होते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती खाली बघून शांतपणे जेवत राहिली.

परतीच्या वाटेवर पिंगळी गाव मागे पडल्यावर बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“बी.एस्सी.चे प्रवेश कधी सुरू होतात?”

आईने उत्तर दिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली. मग मीच सांगितलं.