डॉक्टरबाईंकडे मी एकटाच गेलो होतो

बायकोच्या टाक्यांतून पाणी यायला लागलं, अंगात ताप भरला, तेव्हा घाबरून मी तिला सांगून टाकलं की बाळंतपणाच्या आधी मी एकटाच डॉक्टरबाईंना भेटून आलो होतो. सिझेरियनच करा, असं सांगायला.

"म्हणजे तुमीच कापाले लावलं मले?"

मी आधी 'नाही' म्हणालो. मग 'हो' म्हणालो. दोन्ही वेळा मला ते खरंच वाटलं.

आम्ही दोघंही लग्नाआधीपासून एचआयव्ही पॉझिटिव्ह. एकमेकांना सांगूनच लग्न केलं, सक्करदऱ्यात घर मांडलं. गोळ्या जेवणाइतक्याच अंगवळणी पडलेल्या. मूल मात्र माझा हट्ट. चाळिशी उलटलेल्या माणसाने असा हट्ट धरावा का, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. ती नको म्हणत होती. दिवस राहिले तेव्हा आनंद मात्र तिलाच जास्त झाला.

मग गोळ्यांच्या रांगेत एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, "पोट फाडून काढलं तं लेकराले बिमारी लागत नाही गा. आमच्या पोरीच्या वेळी तसंच केलं." त्यांची पोरगी आता कॉलेजात जाते, ठणठणीत आहे. ते डोक्यात बसलं. बायको माहेरी रामटेकला गेली होती, तेवढ्यात मी दवाखाना गाठला आणि मित्राचं ऐकवून सिझेरियनच करा म्हणालो.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला. "तिच्या रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी झालाय. मग नॉर्मल होऊ द्या. तुमच्या मित्राच्या वेळी अशी औषधं नव्हती. कापलं की जखम आली, आणि जखम चिघळायची भीती अशा बायकांना जरा जास्तच. गरज पडली तर करूच, पण उगाच कशाला?" मग म्हणाल्या, "तिला विचारलंत?"

"नाही."

"मग कोणाच्या पोटाबद्दल बोलताय तुम्ही?"

मी घरी आलो. बायको परतल्यावर तिला यातलं काही सांगितलं नाही.

कळा आपोआप सुरू झाल्या. "पुढच्या जन्मी तुमी बाई व्हा, मंग समजन," असं मला ऐकवत ती आत गेली. दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. बाळाचे ठोके उतरताहेत, लगेच ऑपरेशन करावं लागेल. मी सही केली. आत बाळाचा जीव अडकलेला, बायकोला टेबलावर घेत होते, आणि माझ्या मनात आलं, बरं झालं. मुलगी जोरात रडत बाहेर आली तरी ते 'बरं झालं' माझ्या मनात तसंच होतं.

आणि आता हा ताप. माझ्या बोलण्यामुळे तर बाईंचा हात लवकर सुरीकडे गेला नसेल? मला ठरवता येईना.

ड्रेसिंगच्या वेळी बायकोने सरळ विचारलं, "मॅडम, यायनं सांगतलं म्हणून कापलं का?"

"यांना तर मी परत पाठवलं होतं. ठोके उतरले म्हणून कापलं. हे आले नसते तरी कापलंच असतं." जखम वरवरची आहे, औषध बदलते, असंही त्या म्हणाल्या.

बायको हसली आणि लगेच टाके धरून कण्हली. बाई गेल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता तं सुटले ना तुमी? मंग तोंड काहून पाडून बसले?"

सही केल्यावर मनात 'बरं झालं' आलं होतं, ते मी सांगितलं. तिने लेकराला पाजायला घेतलं.

"मलेबी बरंच वाटलं होतं. कळा थांबतीन म्हणून. तुमाले कायचं बरं वाटलं?"

मुलीसाठी, म्हणायला गेलो. पण ते आपल्या भीतीसाठीच नव्हतं कशावरून?

"दीड महिन्यानं हिची पहिली एचआयव्हीची तपासणी आहे," ती म्हणाली. "मी घेऊन जाईन. तुमी या संग. पण डॉक्टरशी मी बोलीन."




मी मान डोलावली.